डाग आतल्या अंगाला

१

क्रोमच्या जमिनीत स्टीलचं हत्यार घालायचं नसतं. स्टीलमध्येच क्रोम असतं. मग मातीतलं किती आणि हत्याराचं किती, हे देवालाही सांगता येत नाही. म्हणून दीपमाला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्लॉटवर जाताना साध्या लोखंडाचं जुनं गिरमिट न्यायची. गंजून तांबूस झालेलं, मुठीला चिंध्या गुंडाळलेलं. फिरवत फिरवत जमिनीत घालायचं, हातभर माती वर काढायची, पिशवीत भरून चिठ्ठी लावायची. उस्मानपुऱ्यातल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं. आकडे सोडून दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती.

पण त्या अडीच एकरांवर पाय ठेवला की तिचाही पाय हळू पडायचा.

आठ वर्षांपूर्वीचे तिथले फोटो तिनं फायलीत पाहिले होते. तिथं भांड्यांना, नळांना, सायकलच्या भागांना क्रोमचा चकचकीत मुलामा देणारा कारखाना होता. पंचवीस वर्षं त्यानं मागच्या दारानं पिवळं पाणी सोडलं आणि एक दिवस दाराला कुलूप घालून मालक जो गेला तो गेला. मागं राहिली ती खपली धरलेली, हिरवट-पिवळी जमीन. गवताचं पातं नाही. मोकाट कुत्रंसुद्धा तिथं बूड टेकत नव्हतं.

आता तिथं कमरेएवढा वाळा वाऱ्यावर हलत होता. एरंडाची पानं परातीएवढी झाली होती. अंबाडी होती, झेंडूचा तर नुसता भडका उडाला होता, आणि मधोमध करंजाचं झाड. घनदाट, काळंभोर, सावली अशी की तिच्यात गेल्यावर कान गार व्हावेत. हे सगळं कुठल्या कंपनीनं केलं नव्हतं, कुठल्या साहेबानं केलं नव्हतं. एका बाईनं केलं होतं. साळूबाई. वय सदुसष्ट, शाळा दुसरीपर्यंत, आणि हुद्दा म्हणाल तर बंद कारखान्याची राखणदार.

"आली का माती चोरायला?" साळूबाईनं झेंडूतूनच हाळी दिली.

"चोरून नेते तरी परत आकडे आणून देते ना, मावशी."

"आकड्याची भाजी होती का? बस, च्या टाकते."

दसऱ्यानंतर सरकारी समिती बसायची होती. जमीन साफ झाल्याचा दाखला मिळाला, तर इथं रोपवाटिका होणार आणि ती साळूबाईच्या हाती राहणार. नाही मिळाला, तर अडीच एकरांवर फूटभर काँक्रीट ओतून सगळं कायमचं बंद. वाळाही, करंजही, साळूबाईची आठ वर्षंही. दाखला ज्या आकड्यांवर अवलंबून होता, ते दीपमालाच्या पिशव्यांत होते.

तिनं चार कोपऱ्यांतले चार नमुने काढले. शेवटचा काढल्यावर ओल्या फडक्यानं गिरमिट पुसलं आणि थांबली. टोक चमकत होतं. बोटाच्या पेराएवढाच भाग, पण पांढराशुभ्र. मुरमानं घासलं असेल, ती मनाशी म्हणाली. मुरूम घासतो, हे खरंच होतं.

२

साळूबाईची खोली फाटकाशी होती. बाहेर भिंतीला लागून वीस-पंचवीस पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत वाळू-माती आणि त्यात ज्वारी.

"हे माझं विरजण," ती म्हणायची.

पुस्तकात त्याला मायकोरायझा म्हणतात. मुळांवर जगणारी बुरशी. डोळ्याला दिसणार नाही एवढं बारीक सूत ती जमिनीत लांबवर सोडते, झाडाचं मूळ पोचत नाही तिथून पाणी आणि खत आणून देते, आणि जहर वाटेतच अडवून धरते. झाड तिला साखर देतं. साळूबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. खताच्या पिशवीवरचं वाचून, रेडिओवर ऐकून, कृषी सेवा केंद्रातल्या माणसाचं डोकं खाऊन तिनं स्वतः जमवलं होतं. विकतची बुरशी तिनं दोनदा आणली, दोन्ही वेळा ती या जमिनीत मेली.

"लाडात वाढलेली व्हती," साळूबाई म्हणाली. "जहरात जगलेलंच जहरात कामाला येतं. मग मी करंजाच्या बुडाची माती घेतली. ह्या सगळ्या रानात तेवढं एक झाड जगलं व्हतं. ती माती ह्या पिशव्यांत घातली, वर ज्वारी पेरली. तीन महिने वाढवायची, मग धा दिवस पाणी तोडायचं. पाणी तुटलं की बुरशी घाबरती नि बी धरती. मग ज्वारी कापायची, मुळ्या बारीक चिरायच्या, झालं विरजण. कोळशाचा चुरा, शेणखत, चुना, नि वर मूठभर हे. कालच्या दह्यानं आजचं दूध लागतं का नाय, तसंच. एका करंजापासून सगळं रान लागलंय."

"आणि करंज कसा जगला?"

साळूबाईनं चहा बशीत ओतला. "त्याला पुंडलिकाची राख घातली व्हती."

पुंडलिक तिचा नवरा. त्याचं नाव घ्यायला, तेही एकेरीत, ती लाजत नसे. जगलेल्या माणसाचं नाव घ्यायला कसली चोरी, म्हणायची. या कारखान्यात बावीस वर्षं तो मुलामा चढवायचं काम करत होता. टाक्यांच्या वाफेनं त्याच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं, पुढं छातीत गेलं, आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी सावडून अस्थी दिरानं पैठणला नेल्या. राख मात्र साळूबाईनं नेऊ दिली नाही. खड्डा घेऊन त्यात ओतली, वर करंज लावला. गंगेला काय कमी राख हाय, असं भावकीच्या तोंडावर म्हणाली.

"कारागीर व्हता," ती म्हणाली. "नग टाकीत टांगायला चिमटा लावावा लागतो. चिमटा जिथं धरतो, तिथं कोट बसत नाय, तिळाएवढा डाग राहतो. दुसऱ्यांचा डाग कुठंबी पडायचा. पुंडलिकाचा कायम आतल्या अंगाला. गिऱ्हाईकाला जन्मात दिसायचा नाय. बाकीचे घाई करायचे, कोट जळायचा. त्यानं कधी घाई नाय केली. बावीस वर्षांत त्याचा एक नग परत आला नाय. आरसा बघावा असं काम. पॉलिश करायच्या बफिंगच्या चाकानं डाव्या अंगठ्याचं टोक नेलं, तिरकं, तर दुसऱ्या दिवशी फडकं बांधून हजर."

दीपमालानं रानाकडं पाहिलं. झेंडूची दोन फुलं साळूबाईनं तिच्या पिशवीत टाकली, आणि भाजी का लावत नाही या प्रश्नावर म्हणाली, "जमीन बाळंतीण हाय अजून. तिच्याकडून लगेच कामं घ्यायची नसतात."

कसली बाई आहे, असं मनात म्हणत दीपमाला बसमध्ये चढली. गिरमिटाचं टोक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. ते उघडून बघायचा मोह तिनं सबंध रस्ताभर आवरला.

३

आकडे आले ते बघून गयाससरांनी चष्मा काढून पुसला. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नसे.

"चारों कोने साफ," ते म्हणाले. "बाईनं कमाल केली आहे. मान गया."

"मग सही करा, सर."

"ठहरो. आठ वर्षांपूर्वी या जमिनीत किती क्रोम होतं, फायलीत लिहिलंय. आता नाही. पाल्यात गेलं?"

"पाल्यात नखाएवढं आहे. मुळांत थोडं. विहिरीच्या पाण्यात काहीच नाही."

"तो फिर गया कहाँ?" त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. "धातू आहे तो, दीपमाला. जहर कमी होतं, मानतो. शेणखतानं, बुरशीनं त्याचा डंख जातो. पण धातू मरत नाही, कुजत नाही, उडत नाही. जमिनीत असायलाच हवा. किंवा कुणीतरी गोळा करून एका जागी ठेवला असेल. समितीतला पहिला शहाणा हेच विचारणार. आपल्याकडं उत्तर नसेल तर तो म्हणेल नमुने खोटे आहेत, आणि काँक्रीट ओतून मोकळे होतील. शोध. सापडलं तर सही करतो."

मग त्यांची नजर वर्तमानपत्रातून बाहेर आलेल्या गिरमिटाच्या टोकाकडं गेली. त्यांनी ते उचललं, खिडकीशी नेलं, भिंग लावलं. टोक सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"हा मुलामा कुठल्या शॉपमध्ये करून घेतलास?"

"का?"

"एक खड्डा नाही, एक फोड नाही. सगळीकडं सारखं. असं काम करणारे हात आता राहिले नाहीत शहरात." ते हसले. "पण क्रोमच्या जमिनीत क्रोम लावलेलं गिरमिट? पागल हो क्या? घासून काढ ते."

तिनं कानस घेऊन घासलं. घासताना डोकं चालू होतं. ओली जमीन, तीत क्रोम, वर लोखंड. काहीतरी रसायन घडत असेल. पण मुलाम्याला वीज लागते. तार, टाकी, तासभर वेळ. तिचं गिरमिट जमिनीत असायचं अर्धा मिनिट.

चांदीसारखा चुरा कागदावर पडला. तो तिनं बाटलीत भरला, चिठ्ठी चिकटवली, आणि चिठ्ठीवर काय लिहावं हे न सुचल्यानं ती कोरीच ठेवली.

४

खंडेनवमीच्या दिवशी ती पुन्हा गेली. सकाळचे अकरा वाजले होते. आजूबाजूचे कारखाने यंत्रांची पूजा करून बंद होते, त्यामुळं रोजची घरघर नव्हती. एवढ्या शांततेत तिनं ते रान कधी ऐकलं नव्हतं. वाळ्याची पाती एकमेकांवर घासत होती. करंजाखाली मात्र एकही पान हलत नव्हतं.

साळूबाईनं खोलीत पाटावर हत्यारं मांडली होती. खुरपी, विळा, कुदळ, पहार. हळदकुंकू, झेंडूची माळ. उंबऱ्यातून आलेलं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे चट्टे उमटले होते.

"मावशी, एवढी घासली?"

"मी कशाला घासू. जमिनीत जातात नि अशीच येतात. ही माती हत्यार धुती." साळूबाईच्या आवाजात पोराचं कौतुक सांगणाऱ्या आईचा तोरा होता. "ती विळी बघ, ती घरातच असती. गंजली का नाय?"

विळी गंजलेली होती. दीपमाला गिरमिट घेऊन करंजाखाली गेली.

चार कोपरे साफ होते. कुठंतरी गोळा झालं असेल तर ते मधोमध. सगळं रान इथूनच लागलं होतं. सगळं सूत इथंच येऊन मिळत असणार. तिनं पालापाचोळा बाजूला केला, टोक टेकवलं, फिरवायला सुरुवात केली. एक फूट. दोन फूट. माती लोण्यासारखी मऊ होती. तीन फुटांवर गिरमिट थांबलं.

दगड लागला की गिरमिट थडकतं, मनगटाला झटका बसतो. मूळ लागलं की ते लटपटतं. अकरा वर्षांत हाताला हे सगळं पाठ झालं होतं. इथं तसं काही झालं नाही. गिरमिट अलगद थांबलं. एखाद्या जुन्या माणसाच्या हातात आपण हत्यार द्यावं आणि त्यानं ते दुसऱ्या टोकाला धरावं, तसं.

तिनं ओढलं. आलं नाही. जोर नव्हता त्या धरण्यात, फक्त सोडत नव्हतं. मग ते खाली, तिच्या हातात असतानाच, अगदी सावकाश अर्ध्या वळशानं फिरलं. दुसऱ्या बाजूनंही नीट लागावं म्हणून नग टाकीत फिरवतात, तसं.

आपण श्वास घेत नाही, हे दीपमालाच्या लक्षात आलं. ती मोजू लागली, कारण मोजता तिला येत होतं. सव्वीसवर गिरमिट सुटलं.

वर आलं ते तीन फूट लखलखीत होतं. तिला त्यात स्वतःचं नाक दिसलं, वरचा करंज दिसला. टोकाजवळ मात्र दोन जागी कोट नव्हता. समोर एक डाग, मागं एक. तिळाएवढे नव्हते. मागचा बोटाच्या पेरासारखा. पुढचा अंगठ्याएवढा, लांबट गोल, आणि त्याचं वरचं टोक तिरकं तुटलेलं.

५

साळूबाईनं गिरमिट हातात घेतलं, डाग बघितले, आणि उठली. पाटावरची खुरपी उचलली, पालथी केली. मग विळा. मग कुदळ. प्रत्येक हत्यार ती फिरवून बघत होती आणि खाली ठेवत होती. झेंडूची माळ तुटून फुलं जमिनीवर पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

सगळ्यांवर होता. खुरपीच्या पोटाशी, विळ्याच्या वाकाच्या आत, कुदळीच्या मानेखाली. तोच तिरका अंगठा.

"आतल्या अंगाला कोण बघतं," साळूबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. आठ वर्षांत दीपमालानं काय, कुणीच तिला दिवसाउजेडी टेकून बसलेली बघितली नसेल.

दीपमालानं तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं आता राहिलंच काय होतं. सगळ्या रानाचं क्रोम करंजाखाली गोळा झालंय. ते उकरून काढून, पत्र्याच्या पिंपात बंद करून, जहरी कचरा पुरतात तिथं पाठवलं, तर जमीन साफ, दाखला हातात. नाही काढलं तर सर सही करणार नाहीत, आणि समिती सगळ्यावरच काँक्रीट ओतेल.

"म्हंजी त्याला काढायचं," साळूबाई म्हणाली.

"त्याला म्हणजे, मावशी, ते बुरशीचं काम आहे. बुरशी धातू गोळा करते, हे पुस्तकात आहे."

"पुस्तकात अंगठा हाय का?"

चुलीवरचा चहा उतू गेला, विस्तवावर चरचरला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. बाहेर वाळा सळसळत होता. आठ वर्षं जमिनीखाली कुणीतरी कण कण वेचत, अडीच एकरांचं जहर एका जागी आणत होतं. ज्यानं त्याला मारलं तेच. दीपमालाला भीती वाटत होती, पण खोटं कशाला सांगा, भीतीपेक्षा जास्त तिला उठून उभं राहावंसं वाटत होतं, थोर माणूस खोलीत आला की राहतात तसं.

साळूबाईनं तोंड पुसलं. "माल तयार झाला की टाकीतून उतरवायचा असतो. ठेवून दिला तर जळतो. त्यो स्वतः म्हणायचा." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "पण जेसीबी नाय आणायचा. नि तुझ्या त्या हातमोजेवाल्यांनी हात लावायचा नाय. मी काढीन."

६

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी आली. निळं पिंप, दोन माणसं, तोंडाला पट्ट्या. साळूबाईनं त्यांना चार हात लांब बसवलं आणि खुरपं घेऊन बसली. दीपमाला पाटीनं माती बाजूला टाकत होती. स्वच्छ ऊन होतं. कारखाने पुन्हा चालू झाले होते.

दोन फुटांखाली माती संपली. म्हणजे माती होती, पण तिच्यात पांढरं सूत एवढं दाट भरलं होतं की खुरपं लोकरीच्या जाड नमद्यात शिरावं तसं शिरत होतं. इतकं सूत दीपमालानं कुठल्या भिंगाखालीसुद्धा बघितलं नव्हतं. बारीक, ओलसर, सगळं एकाच दिशेनं विंचरल्यासारखं, खाली जाणारं. एका म्हाताऱ्या बाईच्या पंचवीस पिशव्यांतून हे उभं राहिलं होतं.

"मावशी, हातमोजे घाला."

"नवऱ्याला हातमोजे घालून हात लावू व्हय?"

साळूबाईनं खुरपं ठेवलं. आडवी झाली, गाल मातीला टेकवला आणि उजवा हात सुतातून खाली घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंडापर्यंत गेली. आणि तशीच राहिली.

शेजारच्या कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तो थांबल्यावर दीपमालाला खड्ड्यातून आवाज ऐकू आला. टप. मग जरा वेळानं टप. टाकीतून नग वर घेतला की त्यावरून पाणी निथळतं तसा. माती कोरडी होती.

साळूबाईचे ओठ हलत होते. डोळे मिटलेले. एकदा ती हसली, लाजऱ्यासारखी. आणि एकदा तिचा चेहरा कळवळला, पण हात तिनं ओढला नाही. दीपमाला पुढं झाली तशी डाव्या हातानंच तिनं तिला थोपवलं.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "घ्या आता. सोडलंय त्यानं."

घागरीएवढं काहीतरी होतं, सुतात गच्च गुंडाळलेलं. दोन गडी माणसांना ते उचलता उचलता घाम फुटला. पिंपात उतरवताना एका जागी सूत फाटलं. आत आरसा होता. दीपमालाला एक क्षणभर फक्त स्वतःचा डोळा दिसला, मोठा, न हलणारा. मग झाकण बसलं, कडी लागली.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत साळूबाई पाठमोरी उभी होती. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता.

७

गयाससरांनी सही केली. पिंपातल्या मालाचा आकडा आणि जमिनीतून गेलेल्या क्रोमचा आकडा त्यांनी तीनदा ताडून पाहिला. "पुरा का पुरा," ते म्हणाले. "जवळजवळ सगळं. थोडंसं कमी पडतंय, पण तेवढं चालतं." समितीनं दाखला दिला. काँक्रीटची गोष्ट संपली.

कागद घेऊन दीपमाला कार्तिकातल्या एका दुपारी प्लॉटवर गेली. करंजाखालचा खड्डा भरला होता. मुलामा कानशीनं घासून काढलेलं गिरमिट तिनं तिथं घातलं. ते खाली गेलं, वर आलं, चिखलानं माखलेलं. पुसलं तर घासलेल्या लोखंडाचा नुसता काळपट रंग. तिला हायसं वाटलं. पाहुणा गेल्यावर घर जसं थोडं मोठं वाटतं, तसंही वाटलं.

खोलीच्या बाजूला साळूबाईनं मेथीचे दोन वाफे केले होते. कोवळी पानं नुकती वर आली होती. आठ वर्षांत खायचं म्हणून लावलेलं पहिलं काही.

"बाळंतीण उठली वाटतं," दीपमाला म्हणाली.

"उठली. आता कामाला लागंल." साळूबाईनं कागद वाचला, एकेक अक्षर, ओठ हलवत, कुणाकडून वाचून न घेता. वाचून झाल्यावर घडी घालून चोळीत ठेवला. सगळं डाव्या हातानं. चहाही तिनं डाव्या हातानंच ओतला, थोडा सांडला.

"उजव्या हाताला काय झालंय, मावशी?"

"काय नाय."

"खड्ड्यात काही लागलं का? ते जहर आहे, दवाखान्यात दाखवायला पाहिजे. बघू."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत भीती शोधून सापडली नसती. मग तिनं पदर बाजूला केला आणि हात उन्हात धरला.

भिंतीवर उजेडाचा चट्टा उमटला.

दीपमालाला आधी वाटलं बांगड्यांचं ऊन आहे. बांगड्या नव्हत्या. बोटं होती, नखं होती, नखांच्या मुळाशी सुरकुत्या होत्या, एकेक सुरकुती जशीच्या तशी, आणि त्या सगळ्यांत आभाळ दिसत होतं. कुठं खड्डा नव्हता. कुठं फोड नव्हता. सगळीकडं सारखं. भिंगाखाली बघितलेलं तेच काम, आणि त्याहीपेक्षा सरस.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"गार लागतं." साळूबाईनं मनगट सावकाश फिरवून उताणं केलं. आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते, तिथं अंगठ्याएवढी जागा मोकळी होती. सावळी, जिवंत कातडी. लांबट गोल, वरचं टोक तिरकं तुटलेलं. तेवढीच जागा उडत होती.

"डाग कुठं ठेवलाय बघ," साळूबाई म्हणाली. "बाहेरून कुणाला दिसायचा नाय."

मेथीवर एक फुलपाखरू बसलं, उडालं. साळूबाईनं पदर पुन्हा खाली ओढला आणि डाव्या हातानं कप दीपमालापुढं सरकवला.

"त्या दिवशी मनगटापातूर व्हतं. आता कोपरापातूर आलंय." तिच्या आवाजात कौतुकाशिवाय काही नव्हतं. "च्या पी. त्यानं कधी घाई नाय केली."